आचार्य अत्रे : मराठीसाठी लढलेले मुख्याध्यापक



२१ फेब्रुवारीला जागतिक मातृभाषा दिन असतो. ढाक्यात १९५२ साली याच तारखेला बांगला भाषेसाठी तरुण मुलं गोळीबारात गेली, म्हणून हा दिवस. तो साजरा करताना आपल्या वर्गात आपली गोष्टही सांगा. ती सांगायला आचार्य अत्रे फार सोयीचे, कारण ते आपल्यासारखेच मास्तर होते!

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, सासवडजवळच्या कोडीत गावचा. आपल्या निघोज्याला जशी इंद्रायणी, तशी त्यांना कऱ्हा. आत्मचरित्राचं नावसुद्धा त्यांनी 'कऱ्हेचे पाणी' असं ठेवलं. शिकून ते शिक्षक झाले, लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेतली आणि पुण्याच्या लष्कर भागात कॅम्प एज्युकेशन सोसायटीची शाळा मुख्याध्यापक म्हणून नावारूपाला आणली. नाटकं, सिनेमे, विनोद हे सगळ्यांना माहीत आहे. 'श्यामची आई' या त्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पण मला विचाराल तर आपण शिक्षकांनी त्यांची 'नवयुग वाचनमाला' आधी आठवावी. मुलांना आवडेल अशी गोड, सोपी मराठी त्यांनी पाठ्यपुस्तकात आणली. भाषेचा लढा त्यांच्यासाठी रस्त्यावर नंतर आला, फळ्यापाशी आधी.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा काळ. प्रश्न साधा होता, हो. ज्या मुलखात लोक मराठी बोलतात, तिथला कारभार त्यांना कळेल अशा भाषेत चालावा, आणि मुंबई त्यांच्यापासून तोडू नये. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला, १५ जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळ्या झाडल्या. हुतात्म्यांचा आकडा १०६ सांगतात. त्यात गिरणी कामगार आणि साधी माणसंच जास्त. फेब्रुवारीत समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, प्रबोधनकार ठाकरे अशा एरवी न पटणाऱ्या मंडळींबरोबर अत्रेही त्यात उतरले. १५ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी 'मराठा' दैनिक काढलं आणि गावोगाव सभा गाजवल्या. १९५७ ला ते विधानसभेत निवडून आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, १९६४ चा राजभाषा कायदा त्यानंतरचा. १३ जून १९६९ ला अत्रे गेले.

त्यांची जीभ फार तिखट होती, विरोधकांवर ते वाट्टेल तसे तुटून पडत. मुलांना हेही सांगावं, झाकून ठेवू नये.

आता आपल्या गावाकडे बघा. चाकणच्या कारखान्यांमुळे निघोज्याच्या खोल्यांमधून हिंदी, भोजपुरी, ओडिया, वऱ्हाडी असं सगळं ऐकू येतं. यातली काही मुलं आपल्या वर्गातही बसतात. अत्र्यांची गोष्ट संपली की त्यांना विचारा, तुझ्या घरी 'आई'ला काय म्हणतात? जो शब्द येईल तो फळ्यावर देवनागरीत लिहा. आणि मराठी घरातल्या पालकांनो, शाळा कोणत्याही माध्यमाची असो, रात्री झोपताना एक गोष्ट मराठीतून सांगता का? गोष्ट आठवत नसेल तर अत्र्यांची 'आजीचे घड्याळ' ही कविता शोधा. तुमच्या आईवडिलांना बहुतेक पाठ असेल.