आजीच्या डब्यातले सुब्बाराव

आमच्या आजीच्या औषधांच्या डब्यात दोन पिवळ्या गोळ्या आहेत. एक मेथोट्रेक्झेट, सांधेवातासाठी, आठवड्यातून एकदाच, सोमवारी. दुसरी फॉलिक अ‍ॅसिड, ती सोमवार सोडून. दोघींची अदलाबदल झाली तर फार महागात पडतं, म्हणून मी स्ट्रिपवर मार्करने मोठ्ठं ‘सोम’ लिहून ठेवलंय. मध्यंतरी एमआरआय स्कॅनवरून ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटचं पुढे काय होणार हे सांगता येतं का, याबद्दल वाचत होते आणि फिरून फिरून याच दोन गोळ्यांपाशी आले. दोन्हींच्या मागे एकच माणूस निघाला. येल्लाप्रगडा सुब्बाराव. ऐकलंय नाव? बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी हात खाली ठेवा, बाकीच्यांना विचारतेय.

जन्म १२ जानेवारी १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा. घरात पैशांची कायम ओढाताण. तेरा-एक वर्षांचे असताना काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसे कमवायचे, असा बेत करून हे घरातून पळाले होते म्हणे. आईने धरून परत आणलं. मॅट्रिक तिसऱ्या अटेम्प्टला सुटली (एटीकेटीवाल्यांनो, वाचताय ना?). पुढे रामकृष्ण मिशनची ओढ लागली, संन्यास घ्यायचं डोक्यात आलं. आई पुन्हा आडवी आली. मग मद्रास मेडिकल कॉलेज. तिथे गांधीजींची हाक ऐकून यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये खादीचा गाऊन घातला आणि सर्जरीचे इंग्रज प्राध्यापक बिनसले. लेखी पेपर चांगले जाऊनही हातात एमबीबीएस पडली नाही, एलएमएस हे खालच्या दर्जाचं प्रमाणपत्र पडलं. कपड्यावरून डिग्री गेली!

त्याच सुमारास घरात भावाचा मृत्यू झाला, स्प्रूने. या आजारात आतडं अन्न शोषेनासं होतं, रक्त कमी होतं, माणूस खंगत जातो. आणि त्यावर औषधच नव्हतं.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोस्टनला गेले, हार्वर्डमध्ये उष्ण प्रदेशांतल्या रोगांचा अभ्यास करायला. फी सासऱ्यांच्या आणि हितचिंतकांच्या मदतीवर. पोटासाठी हॉस्पिटलात रात्रपाळी, रुग्णांची भांडी धुवायची. मागे बायको शेषगिरी गरोदर होती. मुलगा झाला, तो वर्षाचा व्हायच्या आत गेला. बापाने त्याला पाहिलं नाही. सुब्बाराव परत कधी भारतात आलेच नाहीत. त्यांच्यावरच्या लेखांत शेषगिरींच्या वाट्याला दोन ओळी येतात. मीही तेच करतेय, पण खटकतं.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी रक्तातला फॉस्फरस मोजायची पद्धत काढली (१९२५). मग स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन (१९२७) आणि एटीपी (१९२९) शोधलं. बारावीला पेशीची ‘एनर्जी करन्सी’ म्हणून घोकलेलं एटीपी, तेच. एवढं करूनही हार्वर्डने पक्की नोकरी दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली या औषध कंपनीत गेले.

इथे गोष्टीत मुंबई येते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली होती. गरोदर बायकांना, त्यातही गिरणी कामगार बायकांना होणारा जीवघेणा अ‍ॅनिमिया तिला समजून घ्यायचा होता. यीस्टपासून बनलेल्या मार्माइटने तो बरा होतो, हे तिने दाखवलं. मार्माइटमधली ती ‘काहीतरी’ वस्तू म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. १९४५ मध्ये सुब्बारावांच्या टीमने ते प्रयोगशाळेत तयार केलं. स्प्रूमधल्या अ‍ॅनिमियावरही ते चालतं. भावाला जाऊन तोवर पंचवीसेक वर्षं झाली होती.

आता ल्युकेमिया. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडच्या कुळातली द्रव्यं देऊन पाहिली. आजार उलट वेगाने वाढतोय, असं त्यांना दिसलं. पेशींना वाढायला हेच लागत असेल तर ते तोडायचं कसं? लेडर्लीच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिडसारखे दिसणारे पण काम न करणारे रेणू बनवले. कुलपात जाऊन अडकून बसणारी खोटी किल्लीच म्हणा. त्यातलं एक अमिनोप्टेरिन.

तेव्हा अशा मुलाचं भविष्य सांगायला मशीन लागत नव्हतं. उत्तर ठरलेलं, काही आठवडे, फार तर काही महिने. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष छापले. १६ मुलांपैकी १० जणांच्या तब्येतीत सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही, आजार परतला. पण ठरलेलं उत्तर पहिल्यांदाच चुकलं होतं.

दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव झोपेतच गेले. हार्ट अटॅक, वय ५३. अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्झेट पुढे केवढं मोठं होणार, हे त्यांना कळलंच नाही. आज लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियात, नीट उपचार मिळाले तर, बहुतेक मुलं बरी होतात आणि त्या उपचारांत मेथोट्रेक्झेट अजूनही आहे. हत्तीरोगासाठी आपल्या विदर्भात घरोघरी वाटतात त्या डीईसीच्या गोळ्यासुद्धा सुब्बारावांच्याच लॅबमधून आलेल्या.

कोण जगेल, किती जगेल, हा प्रश्न विचारण्याजोगा झाला तो अशा औषधांमुळे. तैवानच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये मोठ्यांना होणाऱ्या एका ल्युकेमियात, एएमएलमध्ये, एमआरआय वापरून पाहिला. शिरेतून एक द्रव्य सोडायचं आणि मणक्यातली मज्जा स्कॅनवर किती उजळते ते मोजायचं. ज्यांची मज्जा जास्त उजळली, म्हणजे जिथे रक्तपुरवठा फोफावलेला होता, ते पेशंट सरासरीने कमी जगले. डॉक्टरांची मुख्य भिस्त मात्र आजही मज्जेची सुई आणि जनुकांच्या तपासण्यांवर आहे.

याच मशीनचा आणखी एक उपयोग वाचून मी पेन खाली ठेवलं. एमआरआयच्या तंत्राने जिवंत स्नायूतला फॉस्फरस सुई न टोचता मोजता येतो. स्क्रीनवर आलेख येतो. सर्वांत उंच टोक फॉस्फोक्रिएटिनचं, शेजारची तीन एटीपीची. पेशंटला व्यायाम करायला सांगतात, उंच टोक खाली येतं. थांबला की काही मिनिटांत परत वर.