बेळगावचे फडेप्पा चौगुले : वेगाचा आणि दमाचा हिशेब

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले. त्यांच्याच पुढाकाराने १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला जो लहानसा भारतीय चमू गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते.

तेथे चौगुले दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा दोन्ही शर्यतींत उतरले. हे धाडसच होते. एकीला वेग हवा, दुसरीला दम. दहा हजार मीटरची शर्यत फिनलंडच्या पावो नुर्मीने किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे ११ सेकंद या गतीने जिंकली. तो वेग चौगुले यांच्या आवाक्याबाहेरचा होता. दम मात्र अस्सल होता. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्याहूनही लांब. ती त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. किलोमीटरला चार मिनिटे, तेही एवढ्या अंतरापर्यंत!

विजेता हान्नेस कोलेमाइनेन हा १९१२ साली पाच आणि दहा हजार मीटरचे सुवर्ण जिंकलेला. लहान अंतरावर कमावलेला वेग त्याने मॅरेथॉनमध्ये वापरला आणि चौगुले यांना किलोमीटरमागे सुमारे २६ सेकंदांनी मागे टाकले.