कोंबड्यांच्या खुराड्यातला स्टुडिओ : ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन



आज घरोघरी मोबाईल आहे. बोट टेकवलं की फोटो निघतो, आणि तो स्पष्टही येतो. पण बघणाऱ्याची नजर खिळवून ठेवतील असे फोटो त्यात किती असतात? चांगल्या फोटोसाठी आधी काय लागतं, भारी कॅमेरा की कल्पना? ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचं आयुष्य पाहिलं की याचं उत्तर मिळतं.

बालपण आणि संसार

ज्युलियाबाईंचा जन्म ११ जून १८१५ रोजी आपल्याच देशात, कलकत्त्यात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी होते. शिक्षण बरंचसं फ्रान्समध्ये झालं. १८३८ साली कलकत्त्यातच चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. चार्ल्स कायद्याचे जाणकार होते आणि वयाने वीस वर्षांनी मोठे. १८४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि पुढे आईल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटर गावी राहू लागलं. पोटची सहा मुलं, शिवाय सांभाळायला घेतलेली अनाथ मुलं, अशा भरल्या घरात निम्मं आयुष्य गेलं.

४८ व्या वर्षी हाती कॅमेरा

१८६३ च्या डिसेंबरमध्ये लेक आणि जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला. मुलं मोठी होऊन पांगली होती आणि पती सिलोनमधल्या कॉफीच्या मळ्यांवर गेले होते. एकटीचा वेळ जावा, एवढाच हेतू. पण बाईंनी कोळशाच्या कोठीची अंधारी खोली केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ!

शिकवायला कोणी नव्हतं आणि काम तर किचकट. काचेवर रसायनाचा चिकट थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची. समोरच्या माणसाने तोवर काही मिनिटं हलायचंसुद्धा नाही. पहिली काच तर ओल्या थरावर हात फिरल्यामुळे पुसूनच गेली. तरी महिन्याभरात, १८६४ च्या जानेवारीत, अ‍ॅनी नावाच्या एका लहान मुलीचा फोटो त्यांना मनासारखा साधला.

कल्पनेची करामत

घरात काम करणारी मेरी हिलियर त्यांच्या फोटोत येशूची आई झाली. शेजारपाजारच्या मुलांच्या पाठीला पक्ष्यांचे पंख बांधले की झाले देवदूत! पांढरीशुभ्र दाढीवाले स्वतःचे पती जादूगार मर्लिन बनले. टेनिसन या कवीच्या राजा आर्थरवरच्या काव्यासाठी १८७४-७५ मध्ये त्यांनी फोटो काढले. त्यातल्या एका दृश्यात राजा नावेतून अखेरच्या प्रवासाला निघतो. समुद्र कुठून आणणार? बाईंनी मलमलीचे पडदे पसरून पाणी केलं आणि चंद्र चक्क काचेवर ओरखडून काढला.

खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा १८६७ चा फोटो तर जरूर बघा. मागे गडद अंधार, अंगावर काळं कापड, विस्कटलेले पांढरे केस आणि त्यातून उजळलेला म्हातारा चेहरा. बाकीचे फोटोग्राफर खुर्ची, खांब, पडदा असा थाट मांडून माणूस उभा करायचे. ज्युलियाबाईंनी ते सगळं काढून टाकलं, चेहरा जवळ घेतला आणि प्रकाश एकाच बाजूने येऊ दिला.

दोष की निवड?

त्यांचे फोटो जरा धूसर असत. भिंग पूर्ण नेमकं बसवण्याआधीच, जिथे चेहरा सुंदर दिसेल तिथे त्या थांबत. लंडनच्या फोटोग्राफीतल्या जाणकारांना हे मुळीच पटलं नाही. या बाईंना कॅमेरा नीट वापरता येत नाही, असा शेरा त्यांनी मारला. काचेवर डाग, बोटांचे ठसे, चिरा असायच्या, हे खरंच होतं. चिरांवर उपायही त्या शोधत होत्या. म्हणजे चीर हा दोष होता, पण धूसरपणा ही त्यांची निवड होती. टीका करणाऱ्यांनी दोन्ही एकाच मापाने मोजलं.

त्यांनी आपली रीत सोडली नाही. १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांचे फोटो विकत घेतले आणि १८६८ मध्ये तिथल्या दोन खोल्या कामासाठी दिल्या. आज तेच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आहे. बारा-चौदा वर्षांत त्यांनी सुमारे १२०० फोटो काढले. १८७५ मध्ये त्या पतीसोबत सिलोनला गेल्या आणि २६ जानेवारी १८७९ रोजी तिथेच वारल्या.

आपल्या वर्गासाठी

चित्रकलेच्या तासाला एखादं मूल आभाळ जांभळं रंगवतं, माणूस झाडापेक्षा मोठा काढतं. आपला लाल पेन लगेच पुढे सरसावतो. त्याआधी एकच प्रश्न विचारूया : हे असं का केलंस, बाळा? उत्तर आलं तर ती त्याची निवड आहे, ती जपायची. उत्तर नाही आलं तर शिकवायला आपण आहोतच.

आणि एक छोटा उपक्रम. वर्गातली एक खिडकी उघडी ठेवा, बाकीच्या बंद करा. आईची जुनी ओढणी, एक गडद चादर आणि मोबाईल एवढंच साहित्य घ्या. गटागटाने मुलांना पाठातला एखादा प्रसंग एकाच फोटोत उभा करायला सांगा. नदी कशाची करायची, ते त्यांनाच ठरवू द्या.