संत गाडगेबाबा : नजर वळविणारा लोकशिक्षक



आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे गाव आपणांपैकी पुष्कळांच्या पायाखालचे आहे. संत गाडगेबाबांचे बालपण याच गावी मामाच्या घरी गेले. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनाने लवकर गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आली. डेबूजी गुरे राखू लागला, शेतात राबू लागला. शाळा मात्र त्याच्या वाट्याला आली नाही.

पुढे सावकाराच्या कर्जापायी मामाची शेती गेली. निरक्षर माणसाची अडचण केवढी असते, याचा आपण विचार करा. कागद समोर असूनही तो कागदाकडे पाहत नाही. तो वाचणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून अंगठा उठवतो. शिक्षणासाठी बाबांनी जन्मभर जो ध्यास घेतला, त्याचे मूळ या अनुभवात असावे असे मला वाटते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा वेष, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, हातात खराटा आणि जवळ मातीचे फुटके गाडगे. हा वेष पाहून कोण हसत, कोण हाकलून देत. बाबा मात्र कोणत्याही गावी पोचले की काही न बोलता रस्ता झाडू लागत. प्रथम लोक त्यांच्याकडे पाहत, मग ते जिकडे पाहत तिकडे पाहत. कालपर्यंत कोणाच्या डोळ्यांना न दिसलेला उकिरडा व तुंबलेली नाली आता दिसू लागे. थोड्या वेळाने गावकरीही झाडू हाती घेत. रात्री त्याच जागी कीर्तन होई. त्यात बाबा श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत.

विद्यार्थी मित्रहो, यात चमत्कार काही नव्हता. दुसऱ्याची नजर कुठे आहे हे ओळखणे माणसाच्या स्वभावातच आहे. आपल्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग मोठा व स्पष्ट दिसणारा असतो. चिंपांझीच्या डोळ्यात तोच भाग बहुधा काळसर असतो. त्यामुळे माणसाचे डोळे कोणीकडे वळले हे दुरूनही कळते. चेहरा कोणीकडे वळला आहे हेही आपण सोबत पाहतो. चित्रातले डोळे तसेच ठेवून भोवतीचा चेहरा बदलला, तर ती नजर वेगळ्याच दिशेला गेल्यासारखी वाटते, हे वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली दाखवून दिले. सुमारे वर्षाचे मूल आईची नजर जिकडे जाईल तिकडे पाहू लागते. मोठी माणसेही तेच करतात. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका प्रयोगात एकच माणूस रस्त्यावर उभा राहून खिडकीकडे पाहत होता, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांनी वर पाहिले. १५ माणसे पाहत उभी राहिली तेव्हा ८६ टक्क्यांनी. बाबांनी असला प्रयोग वाचला नव्हता, पण लोकांची नजर कशी वळते हे ते पुरेपूर जाणून होते.

म्हणूनच लोक पाया पडू लागले की त्यांना ते मुळीच आवडत नसे. पाहणाऱ्याची नजर त्यांच्या पायांवर थांबली असती, तर झाडलेला रस्ता पुन्हा विसरला गेला असता. पंढरपुरात सर्वांचे डोळे कळसाकडे लागलेले असताना, ज्यांना कोणी आसरा देत नव्हते अशा अस्पृश्य यात्रेकरूंकडे बाबांनी पाहिले आणि चोखामेळा धर्मशाळा उभी केली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पोटाला चिमटा घ्या, घरातली भांडी विका, पण मुलांना शिकवा, हा त्यांच्या कीर्तनाचा गाभा होता. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे देहावसान झाले. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या या माणसाचे नाव आज वऱ्हाडातील हजारो पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर असते.

पालकहो, आपले मूल आपला उपदेश ऐकते त्याहून अधिक आपली नजर पाहते. आपले डोळे दिवसभर मोबाईलवर असतील, तर पुस्तक वाच असे सांगून त्याचे डोळे पुस्तकाकडे वळणार नाहीत. मोहल्ला झाडायला येणाऱ्या माणसाकडे आपण तुच्छतेने पाहिले, तर मूलही तसेच पाहायला शिकेल. मुलाची गुणपत्रिका आपण निरखून पाहिली आणि मुलीची न पाहताच बाजूला ठेवली, तर त्या मुलीला जे समजायचे ते समजून जाते. आज घरी गेल्यावर दोघांच्याही वह्या मांडीवर घ्या आणि त्या सावकाश पाहा. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही वर्गात आपल्या शेजाऱ्याच्या जुन्या कपड्यांकडे न पाहता त्याच्या वहीत पाहा.