एका मॅचमध्ये १०० पॉइंट मारणारा विल्ट चेंबरलेन आजच्या एनबीएमध्ये टिकला असता का?

एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. ड्रेसिंग रूममध्ये बसलेला एक धिप्पाड खेळाडू, हातात साधा कागद आणि त्यावर घाईघाईत लिहिलेला आकडा, १००. तुम्ही बास्केटबॉल बघत नसाल, तरी हा फोटो एखाद्या रीलमध्ये नाहीतर मीममध्ये नजरेखालून गेलेला असण्याची शक्यता भरपूर आहे.

लेब्रॉन मोठा की जॉर्डन, असा वाद पेटला की कुणीतरी हा फोटो टाकतं आणि विषय संपला म्हणून जाहीर करतं. मग दुसरा गट येतो. त्यांच्या मते त्या काळात समोर खेळणारे लोक दिवसा प्लंबिंग करायचे आणि संध्याकाळी बास्केटबॉल, त्यांच्यासमोर १०० काय आणि २०० काय. आपल्याकडे ब्रॅडमन की सचिन यावर कट्ट्यावर रात्र निघते, त्यातलाच प्रकार.

गंमत अशी की या भांडणात दोन्ही बाजूंना फोटोतल्या माणसाबद्दल तो एक आकडा सोडून फारसं काही माहीत नसतं. म्हणून आधी माणूस, मग आकडा.

विल्टन नॉर्मन चेंबरलेनचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. घरात भावंडांची फौज. वडील मिळेल ते अंगमेहनतीचं काम करायचे, आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जायची. लहानपणी विल्टला न्यूमोनिया झाला आणि शाळेचं एक वर्ष बुडालं. हे पोरगं पुढे जगातला सगळ्यात दमदार खेळाडू होईल, असं तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर हसले असते लोक.

सुरुवातीला त्याला बास्केटबॉलमध्ये रसच नव्हता. आवड धावण्याची आणि उंच उडीची. पण उंची वाढतच गेली, शेवटी ७ फूट १ इंचावर थांबली. लोक त्याला काठीच्या पायांवर चालणारा म्हणून चिडवायचे, ते नाव त्याला अजिबात आवडायचं नाही. त्याला आवडायचं बिग डिपर. दारातून जाताना तो डोकं खाली वाकवायचा म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलं होतं. बिग डिपर म्हणजे आपले सप्तर्षी.

१९५५ मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात गेला. त्या भागात अनेक हॉटेलांमध्ये कृष्णवर्णीयांना बसून खाऊ देत नसत. विल्ट सरळ आत जाऊन टेबलावर बसायचा आणि ऑर्डर येईपर्यंत हलायचा नाही. हे त्याने नंतर स्वतःच सांगितलंय.

१९५७ च्या कॉलेज स्पर्धेची फायनल. समोर नॉर्थ कॅरोलायना. त्यांचे कोच फ्रँक मॅग्वायर यांनी मॅच सुरू करणाऱ्या उडीसाठी विल्टसमोर कुणाला उभं केलं असेल? आपल्या टीममधल्या सगळ्यात बुटक्या खेळाडूंपैकी एकाला, टॉमी कर्न्सला. उंची ५ फूट ११ इंच. उडी जिंकायची नव्हतीच, विल्टला अवघडून टाकायचं होतं. मॅच तीन ओव्हरटाइम चालली आणि कॅन्सस ५४-५३ असं एका पॉइंटने हरलं. हरलेल्या टीममधला असूनही स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला विल्ट. मोठा गडी आहे, पण जिंकत नाही, हा शिक्का त्याच्यावर बसायला सुरुवात झाली ती इथून.

कॉलेजमध्ये शॉट घेण्यासाठी वेळेची मर्यादा नव्हती. समोरच्या टीम बॉल नुसता फिरवत ठेवायच्या आणि विल्टभोवती तीन-तीन जणांचा गराडा घालायच्या. वैतागून त्याने १९५८ मध्ये कॉलेज सोडलं. पण त्याच्या बॅचचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत एनबीए कुणालाच घेत नसे. मग एक वर्ष तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर फिरला. ही करामती करून हसवणारी प्रदर्शनी टीम. १९५९ मध्ये तिच्याबरोबर तो मॉस्कोलाही जाऊन आला.

त्याच वर्षी तो घरच्या टीममध्ये, फिलाडेल्फिया वॉरियर्समध्ये आला. पहिल्याच सीझनमध्ये सरासरी ३७.६ पॉइंट आणि २७ रिबाउंड. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान एकाच वर्षी. पुढच्या वर्षी २४ नोव्हेंबर १९६० ला बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध एका मॅचमध्ये ५५ रिबाउंड. हा विक्रम अजून उभा आहे.

आणि मग आला १९६१-६२ चा सीझन. वॉरियर्सचे नवे कोच होते तेच फ्रँक मॅग्वायर, बुटक्या खेळाडूवाले! त्यांनी ठरवलं की विल्टला बाहेर काढायचंच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच खेळणार.

२ मार्च १९६२, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी. हे गाव चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. नवे प्रेक्षक मिळावेत म्हणून वॉरियर्स काही मॅच अशा लहान गावांत भरवायचे. समोर न्यूयॉर्क निक्स. प्रेक्षक ४,१२४. टीव्हीवर प्रक्षेपण नाही.

निक्सचा नेहमीचा सेंटर फिल जॉर्डन त्या दिवशी खेळला नाही. त्याच्या जागी आलेला डॅरल इमहॉफ विल्टला अडवता अडवता फाऊलची मर्यादा ओलांडून बाहेर गेला. हाफटाइमला विल्टचे ४१ पॉइंट, तिसऱ्या क्वार्टरनंतर ६९. आता सगळ्या गावाला कळलं होतं की काय होणार आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये खेळ कमी आणि तमाशा जास्त झाला. बॉल विल्टपर्यंत जाऊ नये म्हणून निक्सवाले त्याच्या टीममधल्या इतरांना मुद्दाम फाऊल करू लागले. बॉल लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सही निक्सला फाऊल करू लागले. शेवटचा स्कोअर १६९-१४७.

यात एक भारी गोष्ट दडलेली आहे. विल्ट फ्री थ्रोमध्ये कच्चा होता, अगदी कच्चा. करिअरभरात त्याचे जेमतेम ५१ टक्के फ्री थ्रो आत गेले. पण त्या सीझनमध्ये तो दोन्ही हातांनी, कमरेखालून बॉल उचलून टाकायचा, लहान मुलं टाकतात तसा. त्या रात्री ३२ पैकी २८ आत! पद्धत चालत होती, तरी नंतर त्याने ती सोडून दिली. कारण? आपण बायकी दिसतो, असं त्याला वाटायचं. चूक होतेय हे कळत असूनही आपण ती केली, हे त्याने पुढे मान्य केलं.

फोटोतला तो कागद टीमचे प्रसिद्धीप्रमुख हार्वी पोलॅक यांनी लिहून दिलेला. मॅचचं व्हिडिओ चित्रण नाही, चौथ्या क्वार्टरचं रेडिओ समालोचन मात्र शिल्लक आहे. त्यामुळे मॅच झालीच नव्हती म्हणणाऱ्या रील्सकडे खुशाल दुर्लक्ष करा.

आता मुख्य प्रश्न. त्या सीझनमध्ये विल्टची सरासरी होती ५०.४ पॉइंट. मायकल जॉर्डनचा सर्वात मोठा सीझन १९८६-८७ चा, सरासरी ३७.१. कोबी ब्रायंटचा २००५-०६ चा, ३५.४. याच सीझनमध्ये कोबीने एका मॅचमध्ये ८१ मारले होते. सरळ बघितलं तर विल्ट मैलभर पुढे.

पण थांबा. १९६१-६२ मध्ये टीम दर मॅचला सरासरी १०७ च्या आसपास शॉट मारायच्या. आज हा आकडा ९० च्या आत-बाहेर असतो. तेव्हा खेळ धावाधाव करणारा होता आणि नेम वाईट होता, शंभरातले ४३ शॉटही आत जायचे नाहीत. चुकलेले शॉट जास्त, म्हणून रिबाउंडही जास्त. २५-२५ रिबाउंडच्या सरासरीमागचं हे साधं कारण आहे. तीन पॉइंटची रेषा एनबीएत आली १९७९ मध्ये, विल्ट रिटायर झाल्यावर सहा वर्षांनी.

म्हणून नुसते पॉइंट न बघता टीमच्या पॉइंटमधला वाटा बघायचा. विल्टचे ५० आले वॉरियर्सच्या सुमारे १२५ मधून, म्हणजे ४० टक्के. जॉर्डनचे ३७ शिकागो बुल्सच्या सुमारे १०५ मधून, ३५ टक्के. कोबीचे ३५ लॉस एंजेलिस लेकर्सच्या ९९ मधून, जवळपास ३६ टक्के. अंतर लगेच कमी झालं.

अजून एक पायरी. जॉर्डन दर मॅचला ४० मिनिटं खेळला, कोबी ४१. विल्ट ४८.५. मॅचच असते ४८ मिनिटांची, वरचं अर्धं मिनिट ओव्हरटाइमचं! ८० मॅचच्या सीझनमध्ये तो फक्त ८ मिनिटं बाहेर होता, तेही पंचांनी एकदा बाहेर काढलं म्हणून. आता कोर्टवर असलेल्या वेळेतला वाटा ढोबळमानाने काढला, तर तिघेही ४० ते ४३ टक्क्यांच्या पट्ट्यात येतात. उलट जॉर्डन किंचित पुढे निघतो.

म्हणजे १०० च्या फोटोने जे सिद्ध होतं असं लोकांना वाटतं, ते सिद्ध होत नाही. आणि जे खरंच अचाट होतं त्याचा कुणी फोटो काढलेला नाही. ७ फुटी देह घेऊन, प्रत्येक मॅचमध्ये दोन-तीन जणांचे धक्के खात, साध्या प्रवासी विमानांतून फिरत हा माणूस सीझनभर बसलाच नाही. आजचे स्टार दमू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम विश्रांती दिली जाते आणि त्यात काही चूक नाही. फक्त विल्टला कमी लेखताना ही बाजू विसरली जाते.

दुसरी विसरली जाणारी बाजू ब्लॉकची. एनबीए अधिकृतपणे ब्लॉक मोजायला लागली १९७३-७४ च्या सीझनपासून. विल्ट रिटायर झाला १९७३ मध्ये. त्याने किती शॉट हवेतच अडवले याची अधिकृत नोंद शून्य.

बरं, ५०.४ च्या त्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? बोस्टनचा बिल रसेल. पॉइंटमध्ये विल्टच्या पासंगालाही नाही, पण बचावात भिंत. रसेलच्या नावावर ११ विजेतेपदं आहेत, विल्टच्या नावावर २. दोघं साधारण १४० वेळा समोरासमोर आले आणि जास्त वेळा रसेल जिंकला. कोर्टबाहेर मात्र दोस्ती इतकी की थँक्सगिव्हिंगच्या सणाला रसेल विल्टच्या घरी जेवायला असायचा.

१९६५ मध्ये विल्ट फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडे आला. तिथे कोच अॅलेक्स हॅनम यांच्या सांगण्यावरून त्याने असं काही केलं, जे करायला मोठमोठे स्टार आजही तयार होत नाहीत. त्याने पॉइंट मारणं बरंच कमी केलं आणि पास द्यायला सुरुवात केली. १९६६-६७ मध्ये सरासरी २४, टीम ६८-१३, वाटेत बोस्टनचा पराभव आणि पहिलं विजेतेपद. पुढच्या सीझनमध्ये तर हा सेंटर लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट देणारा खेळाडू ठरला, ७०२.

१९६८ मध्ये तो लेकर्सकडे गेला. १९६९ च्या फायनलची सातवी मॅच, समोर पुन्हा रसेल. विजयोत्सवासाठी लेकर्सने छताला फुगे बांधून ठेवले होते. शेवटच्या मिनिटांत विल्टचा गुडघा दुखावला, तो बाहेर आला. नंतर परत जायला तयार होता, पण कोचनी घेतलं नाही. लेकर्स १०८-१०६ असे हरले आणि फुगे छतालाच राहिले. नंतर रसेलने विल्टच्या बाहेर बसण्यावर जाहीर टीका केली. दोन दशकांहून जास्त काळ दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

आता प्लंबरवाल्या गटासाठी. १९७१-७२, विल्ट ३५ वर्षांचा. लेकर्स सलग ३३ मॅच जिंकले आणि ती मालिका तोडली मिलवॉकी बक्सने. बक्सचा सेंटर होता करीम अब्दुल-जब्बार, वय २४, त्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, सरासरी जवळपास ३५. प्लेऑफमध्ये दोघं परत भिडले. करीमने पॉइंट भरपूर मारले, पण मालिका लेकर्सने ४-२ अशी जिंकली. फायनलमध्ये निक्सला हरवताना दुखावलेल्या हाताने खेळून विल्ट फायनलचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

हाच करीम पुढे १९८९ पर्यंत खेळला. मॅजिक जॉन्सनबरोबर विजेतेपदं जिंकला, हकीम ओलाजुवान आणि पॅट्रिक युइंग यांच्यासमोर उभा राहिला. उतारवयातला विल्ट तरुण करीमला पुरून उरत असेल आणि उतारवयातला करीम पुढच्या पिढीला, तर तरुण विल्टला आजच्या काळातून थेट बाद कसं करणार? त्याला ५० ची सरासरी आज मिळाली नसती, हे नक्की. उंच सेंटरनेही लांबून तीन पॉइंटचा शॉट मारावा अशी आज अपेक्षा असते आणि ज्याचे फ्री थ्रो आत जात नाहीत त्याला तिथे घाम फुटला असता. शेवटच्या मिनिटांत समोरच्यांनी मुद्दाम फाऊल करून त्याला फ्री थ्रोला उभं केलं असतं, ते वेगळंच. पण टिकला नसता, असं म्हणायला आधार नाही.

तो रिटायर झाला तेव्हा ३१,४१९ पॉइंटसह यादीत पहिला होता. १९८४ मध्ये करीमने आणि २०२३ मध्ये लेब्रॉनने करीमला मागे टाकलं. २३,९२४ रिबाउंडचा त्याचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. आणि हजाराहून अधिक मॅच खेळूनही फाऊलची मर्यादा ओलांडल्यामुळे तो एकदाही बाहेर गेला नाही.

पुढे तो व्हॉलीबॉल खेळला, आर्नोल्ड श्वार्झनेगरबरोबर सिनेमात दिसला. १९९१ च्या पुस्तकात त्याने आपल्या आयुष्यातल्या स्त्रियांचा आकडा २० हजार सांगितला. त्यावर भरपूर टीका झाली, टेनिसपटू आर्थर ॲशनेही सुनावलं.

रसेलशी अबोला मात्र अखेर सुटला. १२ ऑक्टोबर १९९९ ला लॉस एंजेलिसमधल्या घरी हृदय बंद पडून विल्ट गेला, वय ६३. त्याच्या स्मरणसभेत बोलायला उभ्या राहिलेल्यांमध्ये बिल रसेलही होता.