खाशाबा जाधव आणि तो अर्धा तास

सुट्टीत घरी जाताना आमची बस बंगळुरूहून पुण्याच्या हायवेने जाते. कोल्हापूर मागे पडले की तास-दीड तासात कराड येते. बहुतेक वेळा तेव्हा आम्ही झोपलेलोच असतो. कराडला अगदी लागून गोळेश्वर नावाचे गाव आहे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे पैलवान खाशाबा जाधव या गावचे. आमच्या शाळेत त्यांचे नाव माहीत असलेली मुले थोडी आहेत, आणि मराठी नसलेल्या मित्रांना तर ते बहुतेक माहीतच नसते. म्हणून या वेळच्या मराठी पानासाठी मी त्यांच्यावर लिहायचे ठरवले.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालमीचे वातावरण असल्यामुळे चालायला लागल्यापासून त्यांच्या अंगाला लाल माती लागली असे म्हणायला हरकत नाही. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा दिला आणि त्यांचे निरोप पोहोचवले. तेव्हा त्यांचे वय जवळजवळ आमच्याएवढेच होते, सोळा वर्षांचे.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची राजधानी. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान तिथलेच. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्याकडे खाशाबा शिकले. त्यांची उंची जेमतेम साडेपाच फूट होती आणि अंगही फार भरलेले नव्हते. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी एवढ्याशा मुलाला घ्यायला नकार दिला अशी हकीकत आहे. खाशाबा वाद घालत बसले नाहीत. ते थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांकडे गेले आणि परवानगी मागितली. खर्डेकरांनी ती दिली. मग खाशाबांनी आपल्यापेक्षा मोठ्या मोठ्या मुलांना पाडले. मला ही गोष्ट आवडते, कारण आमच्या सेक्शनमध्येही उंचीवरून टीममध्ये न घेतलेली मुले आहेत. (त्यांतला एक मीच आहे.)

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांचा खर्च केला. तोपर्यंत खाशाबांनी आयुष्यभर मातीत कुस्ती केली होती. मातीत प्रतिस्पर्ध्याची पाठ लावली, म्हणजे चितपट केले, की कुस्ती संपली. तिथे घड्याळ नाही, गुणांची वही नाही, आणि कुस्ती निकाली झाली की हजारो लोकांना निकाल डोळ्यांनी दिसतो. लंडनमध्ये मात्र गादी होती, म्हणजे मॅट. मॅटवर पाय मातीसारखा रुतत नाही. शिवाय कुस्ती चितपट न झाल्यास कोण जिंकले ते पंच ठरवतात. म्हणजे नुसते बळ आणि डाव पुरत नाहीत, नियमांचे पुस्तकही माहीत हवे. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केले. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. मॅटवर नवख्या माणसाला जगात सहावा नंबर मिळाला हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटले. स्वतः खाशाबांना मात्र ते पुरेसे वाटले नाही. परत आल्यावर त्यांनी सराव वाढवला आणि वजनगटही वरचा घेतला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे होते, पण अडचण आधी घरातच आली. निवडीच्या कुस्तीत त्यांना एक गुण कमी दिला गेला आणि दुसऱ्याची निवड झाली. हा अन्याय आहे असे खाशाबांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे शौकीनही. त्यांनी पुन्हा चाचणी ठेवली. या वेळी खाशाबांनी गुणांचा प्रश्नच ठेवला नाही. त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ चितपट केले. पंचाच्या वहीतल्या एका गुणाची तक्रार त्यांनी रीतसर वर नेली आणि उत्तर आखाड्यात दिले. आम्ही इंटर-हाऊस मॅच हरलो की रात्री डॉर्मिटरीत रेफरीच्या नावाने जे काही बोलतो, त्यापेक्षा ही पद्धत नक्कीच बरी.

मग पैशांचा प्रश्न आला. गावोगाव फिरून वर्गणी गोळा करावी लागली. गोळेश्वरच्या लोकांनी आपल्या परीने दिले, पण ते पुरणारे नव्हते. शेवटी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली सात हजार ही फार मोठी रक्कम होती. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारे प्राचार्य! इथे मी माझ्या गुरुजनांना काही सुचवत नाही आहे.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात, ५७ किलोखालच्या वजनात, फ्रीस्टाइल कुस्ती खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. तेव्हाची स्पर्धा आजच्यासारखी सरळ नॉकआउट नव्हती. प्रत्येक कुस्तीनंतर दोषगुण लागत. चितपट करून जिंकले तर दोष नाही, पंचांच्या निर्णयाने जिंकले तर थोडा, हरले तर जास्त. ठरावीक दोष साठले की मल्ल बाहेर. म्हणून एक कुस्ती हरलेला मल्लही पुढे पदकासाठी लढू शकत असे.

२३ जुलै १९५२ रोजी त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशी यांच्याशी पडली. इशी मुळात ज्यूदो खेळणारे होते आणि नंतर कुस्तीकडे वळले होते. महायुद्धानंतर जपानला ऑलिंपिकमध्ये पुन्हा प्रवेश मिळाला तो याच वेळी. ही कुस्ती खूप वेळ चालली. कोणीच चीत झाले नाही आणि पंचांनी इशी यांना विजयी ठरवले.

यानंतर जे झाले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव्ह यांच्याशी लढायला सांगण्यात आले. नियम त्यांच्या बाजूचा होता. मात्र तो नियम काढून दाखवणारा, पंचांकडे जाऊन थांबा म्हणणारा भारतीय पथकातला एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, धाप लागलेल्या अवस्थेत खाशाबा एकटे काय बोलणार? ते मॅटवर गेले आणि हरले. इशींना सुवर्ण, ममदबेयोव्हना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

अर्धा तास मिळाला असता तर ते जिंकले असते का, हे कोणी सांगू शकत नाही. ममदबेयोव्हही उत्तम मल्ल होते आणि त्यांच्याकडून काही हिसकावून घ्यावे असे मला वाटत नाही. पण न्याय्य सामना झाला असता, एवढे तरी म्हणता येते. आधी मला वाटायचे की यात दोष फक्त पंचांचा आहे. मागच्या टर्मला माझे मत थोडे बदलले. बॉक्सिंगमध्ये मी आमच्या हाऊसच्या एका ज्युनियरचा सेकंड होतो, म्हणजे त्याच्या कॉर्नरला पाणी आणि टॉवेल घेऊन उभा. दुसऱ्या राउंडमध्ये त्याच्या ग्लव्हची लेस सुटली. हात वर करून रेफरीला सांगणे हे माझे काम होते. पण शेजारच्या मैदानावर आमची हॉकीची फायनल चालू होती आणि माझे लक्ष तिकडे होते. तो एका हाताने लेस सावरत खेळला आणि हरला. मला तो काही बोलला नाही. नंतर खाशाबांबद्दल वाचताना हेलसिंकीच्या मॅटजवळची ती रिकामी जागा वाचून माझे कान गरम झाले.

हॉकीवरून आठवले. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्णपदक घेतले. त्यात बलबीरसिंग यांचे पाच गोल होते. साहजिकच देशात जास्त आनंद त्याचा झाला. कुस्तीतच दुसऱ्या गटात माणगावे चौथे आले, म्हणजे आणखी एक पदक थोडक्यात हुकले.

कराडने मात्र कसर ठेवली नाही. खाशाबांना स्टेशनवरून गावात न्यायला १५१ बैलगाड्या आल्या होत्या. ढोल, लेझीम, फटाके, सगळे काही झाले. पण घरी पोहोचल्यावर खाशाबांना पहिली आठवण खर्डेकरांच्या घराची होती. त्यांनी कुस्त्यांचे कार्यक्रम केले, स्वतः लढले, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण घर सोडवले. पदकापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते, पण याबाबत आमच्या डॉर्मिटरीत दोन मते आहेत.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी करताना गुडघ्याला दुखापत झाली आणि तिसऱ्यांदा जाणे राहून गेले. त्याआधी, १९५५ साली, ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले होते. तिथे त्यांनी सत्तावीस वर्षे नोकरी केली, खात्यातल्या खेळाडूंना शिकवले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या मशाल दौडीत त्यांचा सहभाग होता. दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटात लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य घेतले. तेव्हा वर्तमानपत्रांना खाशाबा पुन्हा आठवले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००० सालचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. तोच दिवस आपला आर्मी डेसुद्धा असतो, त्यामुळे शाळेत त्या दिवशी परेडचे बोलणे असते आणि खाशाबांचा विषय निघत नाही.

गोळेश्वरमधल्या त्यांच्या घराचे नाव ऑलिंपिक निवास आहे. हायवेवरून ते दिसत नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला न्यायला गाडी घेऊन येणार आहेत आणि कराडला आल्यावर थांबायचे त्यांनी कबूल केले आहे. तो ज्युनियर साताऱ्याचा आहे. त्यालाही आमच्याबरोबर घेऊन जायचे मी विचारले आहे.