गाणं सर्वांना पाठ, माणूस कुणाला ठाऊक? : कै. केशव विष्णू पेंढरकर



दूरदर्शनच्या जमान्यात लहानाचे मोठे झालेल्या आपल्या पिढीला शाळेतल्या कविता आठवोत न आठवोत, 'विको'च्या जाहिरातींची गाणी मात्र हमखास आठवतात. थिएटरमध्ये सिनेमा सुरू व्हायच्या आधी आणि घरी मालिका सुरू व्हायच्या आधी ती इतक्या वेळा कानांवर पडली की मुद्दाम पाठ करावी लागलीच नाहीत. पण ज्या माणसामुळे हे नाव घराघरांत पोचलं, त्या केशव विष्णू पेंढरकरांविषयी आपल्याला फारच थोडं ठाऊक असतं. आपल्या मंडळातल्या डोंबिवलीकरांनी तर 'पेंढरकर कॉलेज' आणि 'विको नाका' ही नावं रोज घेतली असतील. ते पेंढरकर हेच!

केशवराव मूळचे नागपूरचे. तिथे त्यांचं छोटंसं किराणा दुकान होतं आणि त्यावर संसार चालला होता. पण एवढ्यावर समाधान मानणारा हा माणूस नव्हता. चालतं दुकान सोडून, पदरी मुलंबाळं असताना, त्यांनी मुंबईची वाट धरली. त्या काळी नागपूर मुंबई प्रांतात नव्हतंच, त्यामुळे हेही एक प्रकारचं परमुलखात जाणंच होतं. घरचं बरं चाललेलं असताना अनोळखी शहरात नव्याने सुरुवात करायची म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

मुंबईत त्यांनी छोटेमोठे व्यवसाय करून पाहिले आणि अखेर परळला बस्तान बसवलं. दुकानांतून तेव्हा पॉण्ड्स, अफगाण स्नो अशा प्रसाधनांची चलती होती. हे सगळं रसायनांवर चालतं, मग आपल्या आयुर्वेदातली औषधं लोकांना रोज वापरता येतील अशा रूपात का देऊ नयेत, असा विचार त्यांनी केला. आयुर्वेदाची माहिती असलेल्या मेहुण्यांच्या मदतीने त्यांनी वनस्पतींपासून दंतमंजन तयार केलं. साल होतं १९५२. पहिला कारखाना म्हणजे घरचं स्वयंपाकघर आणि पहिले विक्रेते म्हणजे घरचीच मुलं. ती दारोदार जाऊन मंजन विकत.

कंपनीचं नाव ठेवलं विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं झालं 'विको'. गंमत पहा, रसायनांना पर्याय द्यायला निघालेल्या कंपनीच्या नावातच 'केमिकल' होतं!

पांढऱ्याशुभ्र, गोड, फेसाळ टूथपेस्टची सवय लागलेल्या शहरात तपकिरी, तुरट मंजन खपवणं सोपं नव्हतं. पण केशवरावांनी मालाचं स्वरूप बदललं नाही. धंदा हळूहळू वाढत गेला. चिरंजीव गजानन औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर झाले आणि वडिलांच्या हाताशी आले. १९७१ मध्ये केशवरावांचं निधन झालं.

आता जरा तारखा पहा. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १९७६ मध्ये. विकोची हळदीची क्रीम बाजारात आली १९७५ मध्ये, गजाननरावांच्या काळात. हळद लावली की चेहरा पिवळा होणार, ही लोकांची धास्ती घालवायची होती आणि ते काम जाहिरातींनी केलं. १९८४ साली 'ये जो है जिंदगी' ही गाजलेली मालिका विकोने प्रायोजित केली आणि ही गाणी देशभर झाली. म्हणजे ज्या गाण्यांमुळे आपण त्यांचं काम ओळखतो, ती दूरचित्रवाणीवर ऐकायला केशवराव नव्हतेच!

हळदीच्या क्रीमच्या गाण्यातला मुख्य मुद्दा असा, की हे सौंदर्यप्रसाधन नव्हे. ही नुसती शब्दांची करामत नव्हती. १९७८ मध्ये विकोचा अबकारी खात्याशी वाद सुरू झाला. विकोची उत्पादनं औषधं की प्रसाधनं, हा प्रश्न होता, कारण प्रसाधनांवर कर जास्त. हे प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयातही विकोचंच म्हणणं टिकलं. स्वयंपाकघरात मंजन कुटताना केशवरावांनी जे मनाशी धरलं होतं, तेच मुलांनी कोर्टात मांडलं आणि गाण्यातूनही सांगितलं.

योगायोग म्हणजे त्याच १९७८ साली जपानमध्ये शिसेडो या प्रसाधन कंपनीच्या टीव्ही जाहिरातींतून एइकिची याझावा आणि ताकाओ होरिउची या गायक-संगीतकारांची गाणी तुफान गाजली. तिथे जाहिरातीतलं गाणं रेकॉर्ड म्हणून विकलं जातं आणि गायकाचं नाव घरोघरी होतं. आपल्याकडे मात्र गाणं सर्वांच्या तोंडी, पण ते रचणारा, गाणारा आणि ज्याच्या कष्टांवर ते उभं राहिलं तो, सगळेच पडद्याआड! गजाननरावही २०१५ मध्ये गेले.

इथे अमिरातीत मिसवाकच्या काड्या सर्रास मिळतात. झाडाच्या काडीने दात घासायची रीत अरबांची तशीच आपलीही, आपल्याकडे बाभूळ आणि कडुलिंब एवढाच फरक. त्यामुळे दुबई-शारजाच्या दुकानांत विकोची ट्यूब दिसते तेव्हा ती परकी वाटत नाही. पुढच्या वेळी ती हातात घ्याल आणि नकळत चाल गुणगुणाल, तेव्हा जवळच्या मुलांना एवढं जरूर सांगा, की हे नाव नागपूरच्या एका किराणा दुकानदाराने, वडिलांची आठवण म्हणून, परळच्या एका स्वयंपाकघरातून सुरू केलं.

केशवरावांच्या जिद्दीला आपल्या सर्वांचा मानाचा मुजरा!